जुन्या वर्तमानपत्रात अडलेला शब्द कसा सोडवायचा : नव्या वाचकांसाठी

घराण्याची माहिती, गावातल्या प्लेगची हकीकत, एखाद्या खटल्याचा तपशील, अशा कुठल्या तरी निमित्ताने माणूस पहिल्यांदा १९व्या शतकातले मराठी वर्तमानपत्र उघडतो. लिपी बाळबोध, भाषा आपलीच, तरी दुसऱ्या-तिसऱ्या ओळीला अडखळायला होते. 'मुशाहिरा', 'मशारनिल्हे', 'एतद्देशीय' हे शब्द निदान अडवतात तरी. आपण थांबतो, कोश काढतो. जास्त धोका ओळखीच्या शब्दांचा असतो. 'राजीनामा', 'मजकूर', 'बहिष्कार', 'नाटकशाळा' हे आजच्या अर्थाने वाचले तरी वाक्य बिनतक्रार लागते आणि बातमी भलतीच समजते.

हे वाचन मी बरीच वर्षे करत आलो आहे आणि त्यातून कामाचा एक क्रम पक्का झाला आहे. आधी त्या शब्दाचा वापर गोळा करायचा, मग कोश उघडायचा, आणि व्युत्पत्तीकडे सगळ्यांत शेवटी जायचे. नवे वाचक बहुधा उलट्या टोकाने सुरुवात करतात, कारण व्युत्पत्ती शोधण्यात गंमत असते. पण शब्द कुठून आला हे कळले म्हणून १८९० साली पुण्यात तो कशासाठी वापरत होते हे कळत नाही.

सोबत काय असावे

- पेन्सिल आणि कोरी कार्डे. जुने अंक हाताळताना शाईचे पेन वापरू नये. बऱ्याच ठिकाणी वापरूही देत नाहीत.
- भिंग. शिळाछापाचे आणि बारीक टाइपाचे अंक त्याशिवाय नीट वाचता येत नाहीत.
- ओळखपत्र, आणि शक्य असल्यास महाविद्यालयाचे किंवा संस्थेचे पत्र. संदर्भ विभागात वेगळी परवानगी लागू शकते. फोनने फोटो काढता येतील का, हेही जाण्याआधी विचारून घ्या.
- मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, तोही १८५७ची दुसरी आवृत्ती.
- दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश', सात खंड, १९३२ ते १९३८, आणि नंतरची पुरवणी.
- माधव त्र्यंबक पटवर्धन, म्हणजे माधव जूलियन, यांचा फारसी-मराठी कोश (१९२५).
- कृ. पां. कुलकर्णी यांचा 'मराठी व्युत्पत्तिकोश' (१९४६).
- महसूल आणि न्यायखात्याच्या शब्दांसाठी विल्सनचा १८५५चा इंग्रजी पारिभाषिक कोश.

यांतले मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे हे दोन्ही कोश शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर मोफत शोधता येतात. एवढ्यावर सुरुवात होते. बाकीचे ग्रंथालयात पाहिले तरी चालते.

१. कोणता अंक हाती आहे, ते आधी ठरवा

सगळी जुनी वर्तमानपत्रे एका भाषेत लिहिलेली नाहीत. बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले, भाऊ महाजनांचे 'प्रभाकर' १८४१ मध्ये, मिशनऱ्यांचे 'ज्ञानोदय' १८४२ मध्ये, पुण्याचे 'ज्ञानप्रकाश' १८४९ मध्ये, 'इंदुप्रकाश' १८६२ मध्ये, 'दीनबंधु' १८७७ मध्ये, 'केसरी' १८८१ मध्ये, आगरकरांचा 'सुधारक' १८८८ मध्ये. 'ज्ञानोदय'चे गद्य धर्मोपदेशाच्या वळणाचे आहे, 'केसरी'चे वादविवादाच्या. एकच शब्द या दोन पत्रांत वेगळ्या वजनाने येतो, म्हणून कार्डावर पत्राचे नाव सगळ्यांत वर लिहा.

अगदी नव्याने सुरुवात करणाऱ्याने 'दर्पण'पासून करावी असे माझे मत आहे. त्यात एका स्तंभात इंग्रजी आणि शेजारी मराठी असे. अडलेल्या शब्दासमोर त्याच काळातला इंग्रजी शब्द छापलेला मिळतो, आणि असा सोबती पुढच्या काळात क्वचितच भेटतो. मात्र मराठी मजकूर दर वेळी शब्दाला शब्द ठेवून केलेला नसतो, म्हणून एकाच जागेवरून निष्कर्ष काढू नका. 'इंदुप्रकाश' आणि 'सुधारक' ही पत्रेही द्वैभाषिक, पण त्यांतला इंग्रजी भाग बहुतांशी स्वतंत्र लेखनाचा आहे; तो मराठीचा तर्जुमा समजून वाचलात तर फसाल.

अंकांसाठी मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय, पुणे नगर वाचन मंदिर, पुण्याचा केसरीवाडा, मुंबईची एशियाटिक सोसायटी इथे चौकशी करा. कोणत्या वर्षांचे अंक वाचण्याच्या स्थितीत आहेत, हे फोन करून विचारल्याशिवाय प्रवास करू नका.

२. तारीख आजच्या सनात आणा

शब्दाचा अर्थ वर्षावर टांगलेला असतो, म्हणून तारखेत चूक झाली तर पुढचे सगळे चुकते. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, हे शाळेत शिकवतात. पण १ जानेवारी ते गुढीपाडवा या काळात ७९ मिळवावे लागतात. 'दर्पण'चा पहिला अंक शके १७५३ मधला. ७८ मिळवले तर १८३१ येतो आणि तो चूक आहे.

महसुलाच्या बातम्यांत फसली सन येतो. दख्खनी फसलीत साधारण ५९० मिळवायचे. सुहूर सन, ज्याला अरबी सनही म्हणत, त्यात ५९९ किंवा ६००. सुहूर सनाचे वर्ष मृगाला सुरू होते, दख्खनी फसलीचेही त्याच सुमारास, म्हणून महिना कळल्याशिवाय एका वर्षाचा फरक राहतो. गुजराती व्यापाऱ्यांच्या जाहिरातींत विक्रम संवत दिसला तर त्यातून ५६ किंवा ५७ वजा करा.

३. डोळ्यांना जुन्या लेखनाची सवय लावा

'तें', 'केलें', 'गांव', 'पांच', 'कांहीं' अशी अनुस्वारांची दाटी पाहून गांगरू नका. उच्चारात न येणारे हे अनुस्वार १९६२च्या लेखननियमांनी गेले. व्यावहारिक परिणाम असा की, जुन्या कोशात किंवा स्कॅन केलेल्या अंकात शोध घेताना 'गाव' टाकून काही मिळाले नाही तर 'गांव' टाकून पाहायचे. संगणकाने आपोआप ओळखलेल्या मजकुरात अनुस्वार हमखास गळतात किंवा भलत्या अक्षरावर बसतात; तो मजकूर शब्द शोधायला वापरा, उतरवून घ्यायला कधीही नको.

संक्षेप सुरुवातीला फार छळतात. 'रा. रा.' म्हणजे राजमान्य राजश्री, 'वे. शा. सं.' म्हणजे वेदशास्त्रसंपन्न, 'गं. भा.' म्हणजे गंगाभागीरथी, अर्थात विधवा. 'ना.' म्हणजे नामदार, 'रा. ब.' म्हणजे रावबहादुर. दोन नावांमधला 'बिन' म्हणजे 'चा मुलगा'. ते मधले नाव नव्हे. वंशावळ शोधणाऱ्यांनी हा शब्द विशेष सांभाळावा. आणि 'केसरीकर्ते', 'प्रभाकरकर्ते' असे वाचाल तेव्हा ते संपादकाविषयी आहे.

'मजकूर' इथेच सांगून टाकतो. अरबी 'मज़कूर' म्हणजे उल्लेखिलेला. 'मजकूर इसम', 'मौजे मजकूर', 'सन मजकूर' यांत तो 'वर सांगितलेला' एवढेच म्हणतो. आज आपण मजकूर म्हणतो तो लिहिलेल्या ऐवजाला. जुन्या अंकात दोन्ही अर्थ शेजारीशेजारी सापडतात; नामाला चिकटून आला तर बहुधा पहिला. 'मशारनिल्हे' हा त्याचा आदरार्थी भाऊबंद, म्हणजे 'ज्यांचा वर निर्देश केला ते गृहस्थ'.

४. शब्द कोणत्या सदरात आला, ते पाहा

नवे वाचक सगळ्यांत जास्त इथे चुकतात, म्हणून थोडे सावकाश जाऊ.

'राजीनामा' घ्या. फारसीत 'राज़ी' म्हणजे कबूल आणि 'नामा' म्हणजे लेख, संमतीचा लेख. दिवाणी कज्जाच्या बातमीत वादी-प्रतिवादींनी राजीनामा दिला असे वाचलेत, तर दोघांनी समेट करून तसे लिहून दिले असा अर्थ घ्यावा लागतो. हिंदी-उर्दूत हा अर्थ अजून चालतो. जमीनमहसुलाच्या सदरात मात्र तोच शब्द वेगळे काम करतो. रयतवारी पद्धतीत, म्हणजे शेतकरी थेट सरकारकडे सारा भरत असे त्या पद्धतीत, खातेदार आपली जमीन सोडून देत असे तेव्हा तो राजीनामा देई आणि ती घेणारा नवा माणूस कबुलायत, म्हणजे कबुलीचा लेख, लिहून देई. दुष्काळाच्या वर्षी एखाद्या तालुक्यात राजीनाम्यांची रीघ लागली असे वाचाल, तेव्हा कुणी नोकऱ्या सोडत नव्हते, शेतकरी जमिनी टाकत होते. नोकरी सोडण्याचा आजचा अर्थ याच 'खुशीने सोडून देणे' या वाटेने आलेला दिसतो. म्हणजे तीन सदरे आणि तीन अर्थ; बातमीचे शीर्षक न पाहता वाक्य उतरवून घेतले तर हे कळायला मार्ग नाही.

बाजारभावाच्या सदराला 'धारण' किंवा 'निरख' असे शब्द दिसतील. तिथे भाव बहुधा 'रुपयास इतके शेर' असा असतो. गेल्या आठवड्यात १४ शेर आणि या आठवड्यात १० शेर, म्हणजे महागाई झाली. आकडा उतरला म्हणून भाव उतरला असे समजू नका. शेराचे वजन गावोगाव बदलत असे, म्हणून दोन गावांचे आकडे एकमेकांशी ताडू नयेत. रुपयाचे १६ आणे, आण्याच्या १२ पै, आणि दशमान नाणी १९५७ची, हेही लक्षात असू द्या.

आरोग्याच्या बातम्यांत 'पटकी' आणि 'वाखा' म्हणजे कॉलरा. 'देवी आल्या' आणि 'देवी काढल्या' यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. पहिल्यात रोग, दुसऱ्यात लस टोचणे.

पेशवाईच्या आठवणी छापणाऱ्या जुन्या लेखांत 'नाटकशाळा' आली, तर नाट्यगृह डोळ्यांसमोर आणू नका. तो नाचगाणे करणाऱ्या, पदरी ठेवलेल्या स्त्रीसाठीचा शब्द आहे.

५. वापर गोळा करा

एका वाक्यावरून अर्थ ठरवू नये. त्याच पत्रातले, त्याच दशकातले निदान पाच-सहा वापर मिळवा आणि शक्य तर विरोधी मताच्या पत्रातलेही. पूर्ण वाक्य उतरवा, आधीच्या-नंतरच्या वाक्यासह. शब्दाचा अर्थ पुष्कळदा शेजारच्या क्रियापदात असतो: तो शब्द 'देतात', 'घालतात', 'मिटवतात' की 'सोसतात'?

'ग्रामण्य' या शब्दावर ही रीत आजमावून पाहा. आज तो कुणाच्या तोंडी नाही. १८९०च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये टिळक, रानडे यांच्यासह काही मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. हजर असलेल्यांची नावे पुढे 'पुणे वैभव' पत्रात छापली गेली आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत पोचले. या वादाला ग्रामण्य म्हणत. त्या काळचे वापर एकत्र ठेवले की दिसते, ग्रामण्य उपस्थित होते, चालते, मिटते. त्यात दोन पक्ष पडतात. शेवटी प्रायश्चित्त किंवा बहिष्कार येतो. एवढ्यावरून, कोश न उघडताही, जातीच्या आचारावरून उठलेला आणि कुणाला वाळीत टाकायचे की नाही हे ठरवणारा तंटा, हा अर्थ हाती येतो. मग कोश उघडला की तो ताडून घ्यायचा.

६. आता कोश, आणि तोही एक नव्हे

मोल्सवर्थ लोकांच्या तोंडचा शब्द पकडतो; शब्दापुढे संस्कृत, अरबी, फारसी, हिंदुस्थानी अशा मुळाच्या खुणाही देतो. दाते-कर्वे बोलीभेद आणि जुन्या वाङ्मयातली अवतरणे देतात. मोल्सवर्थ १८५७चा साक्षीदार, दाते-कर्वे १९३०च्या दशकाचे. दोघांतला अर्थाचा फरक हीच तुमची पहिली नोंद. शब्द एकात असून दुसऱ्यात नसेल तर तेही लिहून ठेवा. एखादा वापर कोणत्याच कोशातल्या अर्थात बसत नसेल तर वाक्य वाकवून बसवू नका, तसाच ठेवा. पुढे आणखी वापर मिळतात.

७. व्युत्पत्ती : कानावर नव्हे, शब्द आला त्या वाटेवर विसंबा

दरबार, महसूल, लष्कर यांतले शब्द बहुधा फारसी-अरबीतून आले. किनाऱ्यावरचे पुष्कळसे पोर्तुगीजमधून. 'मुशाहिरा' महिन्यासाठीच्या अरबी शब्दावरून, म्हणजे मासिक वेतन. त्याची जागा घेणारा 'पगार' पोर्तुगीज, मूळ अर्थ पैसे चुकते करणे. 'तुरुंग' पोर्तुगीज 'त्रोंकु'पासून. घोड्याचा 'तुरंग' कानाला जवळचा वाटतो म्हणून त्याच्याशी नाते जोडू नका. आवाजाच्या सारखेपणावर विसंबणे हा या कामातला सगळ्यांत मोठा सापळा आहे.

या सापळ्याची सगळ्यांत बोलकी कथा 'मोडशी'ची आहे. आज मोडशी म्हणजे पोट बिघडणे. जुन्या मराठी-कोंकणीत तो कॉलऱ्यासारख्या जीवघेण्या दुखण्याचा शब्द होता आणि त्याचा संबंध 'मोडणे'शी लावतात. माणूस मोडून, खचून जातो. गोव्यात राहणाऱ्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याच्या १५६३च्या ग्रंथात हे दुखणे त्याच्या स्थानिक नावासह आले आहे. पोर्तुगीजांनी त्याचे 'मोर्देशी' केले. पुढे फ्रेंचांनी तो शब्द आपल्या कानाने ऐकला आणि त्यांच्या भाषेत त्याचे 'मॉर द शियां' झाले, म्हणजे कुत्र्याचे मरण. नुसत्या फ्रेंच रूपावरून कुणी व्युत्पत्ती मांडली तर कुत्र्यापर्यंत जाईल, आणि शब्द तर आपल्या किनाऱ्यावरून निघालेला.

८. अर्थ कधी वळला, ते शोधा

'बातमी'चा संबंध अरबी 'बातिन', म्हणजे आतले, गुप्त, याच्याशी जोडतात. पेशवाईत बातमीदार म्हणजे हेर. वर्तमानपत्रे रुजली तसा तो वार्ताहर झाला. 'इलाखा' मुळात संबंध. मग 'मुंबई इलाखा' म्हणून प्रांत. आज कुणाची सत्ता चालते तो टापू. 'विलायत' म्हणजे मुळात राज्य किंवा प्रांत. मराठी पत्रांत ती बहुधा इंग्लंड झाली.

पण या बाबतीत मी नव्या वाचकाला नेहमी 'बहिष्कार' देतो. १८९०च्या आसपासच्या सामाजिक बातम्यांत बहिष्कार माणसावर पडतो: त्याच्या घरी कुणी जेवत नाही, भिक्षुक येत नाही, मुलीची सोयरीक अडते. १९०५ मध्ये बंगालच्या फाळणीनंतर तोच शब्द परदेशी मालाकडे वळला, आणि स्वराज्य, स्वदेशी, राष्ट्रीय शिक्षण यांच्या रांगेत 'बहिष्कार' अभिमानाने जाऊन बसला. जो शब्द जात आपल्या माणसाविरुद्ध वापरत होती, तो प्रजा सरकारविरुद्ध वापरू लागली. पुढे ३ एप्रिल १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या पत्राला 'बहिष्कृत भारत' हे नाव दिले. तिथे हा शब्द समाजाने बाहेर ठेवलेल्या माणसांच्या बाजूने उभा राहिला. ज्यांना बाहेर टाकले तेही भारतच आहेत, हे त्या दोन शब्दांत आहे. १९०७चा 'केसरी' आणि १९२७चे 'बहिष्कृत भारत' वाचणाऱ्याने या शब्दापाशी प्रत्येक वेळी थांबून विचारावे: इथे बाहेर कोण टाकतो आहे, आणि कोणाला?

जातिवाचक आणि अवमानकारक शब्द जुन्या पत्रांत सहज वापरलेले आढळतील. उतरवताना जसेच्या तसे उतरवा, पण आपल्या लेखात आणताना अवतरणचिन्हांत, काळ आणि पत्र सांगून आणा. आपल्या स्वतःच्या वाक्यात ते वापरू नका.

आणखी एक पारख. जुन्या लेखांच्या पुनर्मुद्रित संग्रहांत लेखन आधुनिक केलेले असते, कधी शब्दही. १८८५च्या म्हणून दिलेल्या मजकुरात 'महापौर' दिसला तर मूळ अंक पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. हा शब्द सावरकरांच्या भाषाशुद्धीतून आला.

९. कार्ड भरा

प्रत्येक शब्दाला एक कार्ड. मी असे भरतो:

शब्द : मुशाहिरा
लेखनभेद : मुशाहरा, मुशारा
वापर : पत्र, तारीख (मूळ छापली तशी आणि इसवी सनात), पान, स्तंभ, सदर, पूर्ण वाक्य
शेजारची क्रियापदे : वापरांतून जशी मिळतील तशी
मोल्सवर्थ : अर्थ, आणि मुळाची खूण
दाते-कर्वे : अर्थ, अवतरण असल्यास तेही
वाट : अरबी, फारसीमार्गे दरबारी मराठीत
जागा घेणारे शब्द : दरमहा, पगार, वेतन, प्रत्येक प्रथम कधी दिसला ते
शंका : पेन्सिलीने, खोडता येईल अशी

शेवटचा रकाना रिकामा ठेवू नका. दुसऱ्या पत्रात तोच शब्द भेटला की सगळ्यांत आधी तोच रकाना उघडायचा असतो.